काचेच्या खोलीतले उस्ताज

उस्ताज सिद्दीक आमच्या घरी पहिल्यांदा ठरवून आले, त्या दिवशी माझ्या बायकोला स्वतःच्या चहाबद्दल शंका आली. रत्नागिरीपासून शारजापर्यंत शबानाच्या चहाला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही, आणि तशी कोणाची हिंमतही नाही. शुक्रवार होता. जुम्याची नमाज आटोपली होती आणि अल मजाजच्या आमच्या टॉवरमधले तीन वयस्क सुदानी, पांढरे झगे आणि पांढरे फेटे घालून, आमच्या सोफ्यावर ओळीने बसले होते. मधले उस्ताज सिद्दीक. ते आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे राहायचे. बायको वारलेली, मुलगा कॅनडात, घरात एकटेच. उस्ताज म्हणजे आपल्याकडचं 'सर'. सगळी इमारत त्यांना तेवढंच म्हणायची.

चहा आला. तिघांनी शुक्रान म्हणून कप समोर ठेवून दिले. पार्किंगबद्दल बोलणं झालं, उकाड्याबद्दल झालं. चहावर साय धरली. शबानाने कप उचलून नेले आणि साखर कमी करून दुसरा चहा आणला. तोही तसाच राहिला. मग कोकमाचं सरबत आलं, सोबत सांदण आलं. तिघांनी कौतुकाने पाहिलं आणि हात मात्र मांडीवरच ठेवले. शबाना स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळ्यांनी विचारत होती की मी या माणसांशी काय वाकडं बोललोय.

शेवटी माझ्या मुलीला राहवलं नाही. झोया तेव्हा आठवीत होती आणि इथल्या पोरांसारखी मोठ्या माणसांना अम्मो, म्हणजे काका, म्हणायची. "अम्मो, व्हाय आर यू नॉट ड्रिंकिंग एनिथिंग?"

"पिणार, हबीबती," उस्ताज म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मुनीरभाई, चहा छान दिसतोय. पण आधी काम. तुम्हाला उम्म अल कुवैनला फोन करायचा आहे."

उम्म अल कुवैनला माझा मोठा भाऊ असतो, मुस्तफा. त्याचं तिथल्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेज आहे. पोराच्या लग्नाचं आमंत्रण त्याने मला, सख्ख्या भावाला, व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. घरी येणं नाही, फोन नाही, एक रंगीत चित्र आणि खाली दोन जोडलेले हात. मी लग्नाला गेलो नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"लिफ्टने," उस्ताज म्हणाले. झोयाने मान खाली घातली.

मी माझी बाजू मांडली, आणि चांगली तासून मांडली. तिघे मान डोलवत ऐकत राहिले. कोणी मला चूक म्हणालं नाही, भावालाही म्हणालं नाही. फक्त सरबतातला बर्फ विरघळत गेला. शेवटी शबानाच बाहेर आली. "तुम्ही फोन करताय की मी करू? तीन मोठी माणसं घरात कोरडी बसलीत, मला नाही बघवत." मी फोन लावला. पलीकडून मुस्तफा म्हणाला, "जेवलास काय?" तिकडे सोफ्यावर तिघांनी एकदम सरबत उचललं. त्यानंतर उस्ताजनी सांदणाची सगळी ताटली संपवली आणि शबानाला विचारलं, अजून आहे का.

त्यांच्या मुलखात याला जूदिया म्हणतात, हे मला मागाहून कळलं. दोघांचं फाटलं की गावातली वडीलधारी माणसं ज्याने अडवून धरलंय त्याच्या घरी जातात, बसतात, आणि मागणी मान्य होईपर्यंत पाण्याच्या थेंबाला शिवत नाहीत. दारी आलेला पाहुणा कोरडा उठला तर घरमालकाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. प्याला ओठाला लावला की मागणी संपली. दोन कुटुंबांचं असो की दोन टोळ्यांचं, रक्त सांडलेलं असलं तरी रीत हीच. आमच्या टॉवरमध्ये त्या तिघांनी निदान पाच-सहा भांडणं अशीच मिटवली असतील. तळमजल्यावरच्या दोन मल्याळी भागीदारांच्या घरी तर म्हणे त्यांनी दुपारचं जेवणसुद्धा पुढ्यात ठेवून थंड केलं.

उस्ताज उंच, शिडशिडीत, रंगाने गर्द काळे. दोन्ही गालांवर लहानपणी पाडलेल्या उभ्या रेषा होत्या. बोलायचे इतकं हळू की समोरच्याला पुढे झुकावंच लागायचं. माझ्याशी मात्र ते मराठी बोलायचे, म्हणजे मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांचं त्यांनी स्वतः कालवलेलं काहीतरी. तरुणपणी पुण्यात इंग्रजीत एम.ए. केलं होतं. एका काकूंकडे कॉट बेसिसवर राहायचे. काकू आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू एकमेकांशी बोलत नसत, आणि निरोप पोचवायचं काम या परदेशी पोराकडे आलं.

"काकू म्हणायच्या, त्यांना सांग, सातला पाणी बंद म्हणजे बंद," ते सांगायचे. "मी वर जाऊन म्हणायचो, काकूंनी विचारलंय, पाणी पुरतंय ना? ते म्हणायचे, सांग त्या म्हातारीला, कोर्टात खेचीन. मी खाली येऊन म्हणायचो, तुमच्या गुडघ्याची चौकशी केलीय. वर्षभरात दोन्ही घरं एकत्र फराळ करायला लागली."

"आणि पाणी?"

"पाणी सातलाच बंद व्हायचं. पाणी वेगळं, भांडण वेगळं."

असा माणूस पुढे दुभाषा झाला आणि निरोप गोड करायची मुभाच गेली. कॉन्फरन्स असते तिथे हॉलच्या मागे काचेची छोटी खोली असते. आम्ही तिला बूथ म्हणतो. त्यात दुभाषे दोघादोघांनी बसतात, कानात हेडफोन, समोर माईक, आणि हॉलमध्ये जो बोलेल त्याचं तिथल्या तिथे दुसऱ्या भाषेत करत जातात. ते बूथ आणि हेडफोन लावायचा माझा धंदा. हॉटेलांतून मी कन्सोलवर बसतो, कोणत्या कानात कोणती भाषा जातेय ते बघतो. त्यामुळे उस्ताज मला शेजारी म्हणून जेवढे दिसले त्याच्या कितीतरी पट कानातून भेटले. हॉलमधला माणूस 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं, ओरडला तर ओरडलेलं सांगायचं, शिवी दिली तर शिवीही. उस्ताज सिमेंटवाल्यांच्या परिषदेत सिमेंट असायचे आणि दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेत दात. स्वतःचं म्हणून एक अक्षर घालत नसत. बूथमध्ये एक खोकल्याचं बटण असतं, ते दाबून धरलं की माईक तेवढ्यापुरता बंद होतो. बाकीचे दुभाषे ते बटण दाबून एकमेकांशी वक्त्याची टिंगल करतात. उस्ताज ते फक्त खोकायला वापरायचे. त्यांच्या शेजारी बसणारी लेबनॉनची रीमा मला म्हणायची, "तुझा हा शेजारी इबादतीला बसल्यासारखा बसतो, मला घाबरायला होतं."

बूथमध्ये जायच्या आधी ते मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे आणि दुसऱ्या खिशातून भाजलेले शेंगदाणे काढून मूठभर मला द्यायचे. शेंगदाणे त्यांच्या भागातले असायचे, कोणी ना कोणी खार्तूमहून घेऊन यायचं. ते आपल्यापेक्षा बारीक असतात आणि चवीला गोड असतात, हे मी रत्नागिरीचा असूनही मान्य करतो.

मग त्यांच्या देशात लढाई सुरू झाली. देशातल्याच दोन फौजा राजधानीच्या रस्त्यांवर एकमेकांवर तुटून पडल्या, आणि बघता बघता ती आग पश्चिमेला उस्ताजच्या गावी पोचली. त्या शहराचं नाव पुढे बातम्यांत इतक्या वेळा आलं की ते इथे लिहायला माझा हात होत नाही. शहराला वेढा पडला. आत लाखो माणसं, आणि त्यांच्यात उस्ताजची मोठी बहीण, हाजा नफीसा. हज केलेल्या म्हणून हाजा, आणि मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या. आई लवकर गेली तेव्हा उस्ताजना यांनीच वाढवलं होतं. त्यांचे गुडघे गेले होते. शाळेतल्या चार-पाच अनाथ मुली त्यांच्या घरात आसऱ्याला होत्या. "रस्ता उघडला की निघते, मुलींना घेऊन चालत तर निघता येणार नाही," असं त्या म्हणायच्या. उस्ताजचं सगळं जगणं त्या रस्त्याला येऊन अडकलं.

शहरात एका दुकानावर अधूनमधून इंटरनेट लागायचं. तिथून हाजा नफीसा आवाजाचे निरोप पाठवायच्या. तो आला की उस्ताज आमच्याकडे यायचे, एकट्याने ऐकायला नको म्हणून. मला त्यांची अरबी अर्धीमुर्धी कळायची, बाकी ते सांगायचे. त्यात रडणं कधी नसायचं. बाईंचा आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा खणखणीत. एकदा त्या म्हणाल्या, "आज शेंगदाण्याची पेंड भिजवून खाल्ली. लहानपणी तू बकरीपुढची पेंड चोरून खायचास आणि मी मारायचे. आता कळलं, फार वाईट लागत नाही." आणि हसल्या. उस्ताजनी ते आम्हाला सांगितलं, अगदी शब्दाला शब्द, आणि 'हसल्या' हेसुद्धा सांगितलं. शबाना आत निघून गेली. त्यानंतर त्यांच्या खिशात मी कधी शेंगदाणे पाहिले नाहीत.

बाहेरचं जग गप्प होतं असं नाही. जग फार बोलत होतं, आणि ते बोलणं उस्ताजच्या धंद्यातलंच होतं. संध्याकाळी खालिद लगूनच्या कडेने चालताना ते मला मोबाइलवरची निवेदनं वाचून दाखवायचे आणि डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तसा अर्थ सांगायचे. "'चिंता' लिहिलंय, म्हणजे कोणीतरी बातमी वाचली. 'गंभीर चिंता' म्हणजे साहेबांनी वाचली. 'सर्व पक्षांना आवाहन' म्हणजे कोणाला नाव घेऊन बोलायचं नाही असं ठरलंय." मी विचारायचो, मग खरं काही होणार असेल तर काय लिहितात? ते थोडं चालून म्हणायचे, "खरं होणार असेल तर तारीख लिहितात, मुनीरभाई. तारीख शोधायची." शांततेच्या बैठका बोलावणाऱ्या देशांत आणि बंदुका पोचवणाऱ्या देशांत काही नावं दोन्हीकडे असतात, असंही एकदा म्हणाले. नावं मात्र घेतली नाहीत, आणि मी विचारली नाहीत. इथे राहायचं तर काही गोष्टी विचारायच्या नसतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

अशात एका युरोपियन देशाच्या विशेष दूताने दुबईच्या एका हॉटेलात छोटी बैठक ठरवली. विषय एकच होता, शहरात धान्य आणि औषधं जायला आणि म्हातारी-पोरं बाहेर यायला एक रस्ता उघडायचा. दोन्ही फौजांची माणसं येणार, पण एका खोलीत बसणार नाहीत. दूताने या खोलीतून त्या खोलीत जायचं आणि निरोप न्यायचे. दुभाषा म्हणून उस्ताजना बोलावणं आलं, कारण त्या भागातली बोली समजणारे दुभाषे इथे दोन-चारच. बोलावणाऱ्या एजन्सीने विचारलं, आत कोणी नातेवाईक आहे का? उस्ताज म्हणाले, "बहीण आहे. ज्याचं तिथे कोणी नाही असा सुदानी मिळाला तर जरूर घ्या." त्यांना तसा मिळाला नाही.

आदल्या दिवशी मी त्यांना जेवढं खुशीत पाहिलं तेवढं लढाई सुरू झाल्यापासून पाहिलं नव्हतं. झगा-फेटा नाही, सूट, पण चेहरा त्या शुक्रवारचाच होता. "पुण्यातल्यासारखंच आहे," मला म्हणाले. "एक वर, एक खाली, आणि मध्ये मी."

"पण इथे काकूंच्या गुडघ्याची चौकशी करता येणार नाही, उस्ताज."

"नाही करता येणार. पण ती माणसं माझ्या मुलखातली आहेत. बसायचं कसं ते मला माहीत आहे."

त्या खोल्यांत बोललेलं बाहेर सांगायचं नाही असं आमच्याकडून कबूल करून घेतलंय, आणि मी ते सांगतही नाही. कॉफीबद्दल मात्र कोणी काही कबूल करून घेतलेलं नाही. सकाळी लॉबीत उस्ताजनी दूताला गाठलं. दूत म्हणजे साठीचा, सर्दीने बेजार झालेला, मनाने चांगला माणूस. उस्ताज त्याला म्हणाले, "सर, वेढा घालणाऱ्यांच्या खोलीत ते कॉफी देतील. घ्या, हातात धरा, पण पिऊ नका. तारीख मिळेपर्यंत ओठाला लावू नका. त्यांना बरोबर कळेल." दूताने लक्ष देऊन ऐकलं आणि हे फार रंजक आहे असं म्हणाला. त्याच्या मदतनीस मुलीने उस्ताजना बाजूला घेतलं. "सर, आमच्या ब्रीफिंगमध्ये लिहिलंय, अरबांकडे कॉफी नाकारणं हा अपमान असतो. प्लीज, तुम्ही फक्त दुभाष्याचं काम करा." तिचंही खोटं नव्हतं. एरवी तो अपमानच असतो. म्हणूनच तर ती रीत चालते.

वेढा घालणाऱ्यांच्या खोलीत मी कोपऱ्यात माझी पेटी घेऊन बसलो होतो. समोरच्या बाजूचा प्रमुख चाळिशीचा, कडक इस्त्रीचा, बोलायला उस्ताजइतकाच मऊ. हॉटेलच्या माणसाने उभ्या चोचीच्या किटलीतून छोट्या प्याल्यांत कॉफी ओतली. दूताने प्याला उचलला, एका घोटात संपवला, अरबीत शुक्रान म्हणाला आणि आपल्याला ते जमलं म्हणून खूश झाला. पुन्हा ओतली, तीही प्यायला. मग त्याने रस्त्याचा विषय काढला. उस्ताज दोघांच्या मध्ये बसून बोलत होते, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, आणि त्यांच्यापुढचा प्याला भरलेला तसाच होता.

प्रमुखाचं लक्ष त्या प्याल्यावर गेलं आणि तिथून हललं नाही. बोलणं मध्येच थांबवून तो म्हणाला, "दुभाषे, कॉफी थंड होतेय." उस्ताजनी त्याचं इंग्रजी करून दूताला सांगितलं. दूत हसला, "प्लीज, घ्या ना." उस्ताजनी प्याल्याला हात लावला नाही. प्रमुख म्हणाला, "दुभाष्याची काही मागणी दिसतेय." हेही उस्ताजना इंग्रजीत सांगावं लागलं, त्याच सपाट आवाजात. दूताला काही समजेना. तो एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होता.

मग उस्ताज आधी अरबीत आणि मग इंग्रजीत म्हणाले, "दुभाष्याची वेगळी मागणी नाही. हे साहेब जे मागायला आलेत तेच."

प्रमुख हसला. "साहेबांनी तर दोन प्याले घेतले."

तेवढ्या एका वाक्याचं उस्ताजनी भाषांतर केलं नाही. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच. दूताने दोनदा विचारलं, काय म्हणाले? उस्ताज खाली बघत राहिले. दुपारच्या सत्राला दुसरा दुभाषा आला. प्रमुखाने तक्रार केली होती की हा माणूस तटस्थ नाही, आणि तक्रार बरोबरच होती. संध्याकाळी निवेदन निघालं. चर्चा सुरू ठेवण्याचं दोन्ही बाजूंनी मान्य केलं होतं. तारीख नव्हती.

परत येताना इत्तिहाद रोडवर नेहमीसारखी गाडीला गाडी लागली होती. मला सगळ्यांचाच राग आला होता, आणि तो मी हातात सापडलेल्या माणसावर काढला. "उस्ताज, एवढी माणसं मारून बसलेत ते. कॉफी नाही प्यायली म्हणून वेढा उठवणार होते काय?"

"नसता उठवला," ते म्हणाले. "पण त्यांना नाही म्हणावं लागलं असतं. आपल्या रीतीने, पाहुण्याच्या तोंडावर, तो कोरडा बसलेला असताना. त्याची लाज वाटते माणसाला. घरी आईला सांगता येत नाही. तेवढं तरी व्हायला हवं होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "आता नफीसाला काय कळवू?" त्यांनी काय कळवलं ते मला कधी समजलं नाही.

पुढे शहर पडलं. एका दिवसात फोन बंद झाले, दुकानावरचं इंटरनेट गेलं. जे व्हिडिओ आले ते मी पाहिले नाहीत. उस्ताजनी सगळे पाहिले, थांबवून थांबवून, मागच्या भिंती आणि दारं ओळखू येतात का म्हणून. मी आणि झोया त्यांच्यासाठी मदत संस्थांच्या हेल्पलाइनना फोन लावत असू. झोया आता कॉलेजात होती, आणि इंग्रजीत तिच्याइतकं ठाम आम्हाला बोलता येत नव्हतं. कुठूनही काही कळलं नाही. शबाना रोज डबा पाठवायची आणि तो अर्धा परत यायचा. शहरातून निसटलेली माणसं सीमेपलीकडे चाडमधल्या छावण्यांत पोचत होती. वेगवेगळ्या देशांचे लोक त्यांच्या साक्षी व्हिडिओवरून घ्यायला लागले, त्यांना त्या बोलीचे दुभाषे हवे होते, आणि पक्षपाती ठरवलेल्या माणसाला त्याच एजन्सीने मुकाट्याने परत बोलावलं. उस्ताज कुठल्याही साक्षीला नाही म्हणाले नाहीत. रीमा म्हणायची, हा मरेल असं करून. पण ते का जात होते हे मला माहीत होतं. कोणीतरी कधीतरी बहिणीचं नाव घेईल म्हणून ते ऐकत बसले होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका सभेत. त्याच आठवड्यात ते चाडला निघून गेले, हाजा नफीसांच्या घरातल्या त्या मुली छावणीत कुठे सापडतात का ते बघायला, आणि अजून परतलेले नाहीत. दुबईतल्याच हॉटेलचा मोठा हॉल होता. बऱ्याच देशांचे राजदूत, अध्यक्षस्थानी तोच विशेष दूत. पडद्यावर छावणीतली एक तरुण बाई, ओढणीने अर्धा चेहरा झाकलेला. बूथमध्ये उस्ताज आणि रीमा. मी कन्सोलवर, एका कानात त्या बाईची अरबी, दुसऱ्या कानात उस्ताजची इंग्रजी.

ती बाई नर्स होती. शहर पडलं त्या दिवसाचं सांगत होती. मग म्हणाली, "आमच्या गल्लीत शाळेच्या मोठ्या बाई होत्या, हाजा नफीसा."

माझा हात कन्सोलवर होता तिथेच राहिला. दुसऱ्या कानात उस्ताज बोलतच होते. "आमच्या गल्लीत शाळेच्या मोठ्या बाई होत्या, हाजा नफीसा. त्यांना चालवत नव्हतं. त्यांनी घरातल्या मुलींना माझ्याबरोबर लावून दिलं आणि म्हणाल्या, मी मागून येते. आम्ही नाल्यात लपलो, तिथे अंधारात मुली माझ्यापासून सुटल्या. सकाळी मी परत बघायला गेले. त्या दारातच पडल्या होत्या. त्यांना गोळी लागली होती. पुरायला वेळ नव्हता. मी माझा तोब काढला आणि त्यांच्यावर घातला." तोब म्हणजे तिकडच्या बायका साडीसारखा अंगाभोवती गुंडाळतात ते वस्त्र. उस्ताज 'मी' म्हणत होते, तिच्या जागी, नियमाप्रमाणे. रीमाने माईक आपल्याकडे ओढायला हात पुढे केला. त्यांनी नुसती मान हलवली. आवाजात कुठे कंप नव्हता. खोकल्याच्या बटणाचा दिवा एकदाही लागला नाही.

तिचं संपल्यावर दूत बोलला. त्याला खरंच भरून आलं होतं, ते मी इथे सांगायलाच हवं. तिच्या धैर्याला सलाम केला. गंभीर चिंता व्यक्त केली. आंतरराष्ट्रीय समुदाय तुमच्या पाठीशी आहे, म्हणाला. उस्ताजनी ते सगळं अरबीत तिला सांगितलं, चिंतेसकट, एकही शब्द न गाळता. दूत थांबला. आणि अरबीच्या कानात उस्ताजचा आवाज थांबला नाही.

"बेटी," तो आवाज म्हणाला, "हे आता माझं स्वतःचं आहे, साहेबांचं नाही. नफीसाला तू झाकलंस. मी तिचा भाऊ. तिच्या अंगावर घालायला मी तिथे नव्हतो. अल्ला तुला कधी उघडं पाडणार नाही."

हॉलमधले सगळे इंग्रजीच्या कानावर होते. ते फक्त तिला ऐकू गेलं, शेजारच्या रीमाला, आणि मला. पडद्यावर तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती हमसून हमसून रडायला लागली. राजदूत हेलावले. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. दूताने छातीवर हात ठेवून तिच्याकडे पाहत मान झुकवली. नंतर ती मदतनीस मुलगी माझ्याकडे येऊन हलक्या आवाजात म्हणाली, सरांचे शब्द तिच्यापर्यंत पोचले, किती छान झालं ना.

लोक जेवायला गेले. रीमा बूथमधून बाहेर आली ती सरळ बाथरूमकडे गेली. हॉटेलची माणसं खुर्च्या उचलायला लागली, दुपारी तिथे कुठल्याशा कंपनीचा कार्यक्रम होता. त्यांच्या सुपरवायझरने मला बूथ खोलायला सांगितलं. "यल्ला भाई, जल्दी." मी म्हणालो, वायरिंगमध्ये गडबड आहे, थोडा वेळ लागेल. काचेतून उस्ताज दिसत होते. हेडफोन काढून ठेवला होता आणि ते समोरच्या बंद माईककडे बघत बसले होते.

त्यांच्या मुलखात दुखवट्याला जाणारा माणूस काही बोलत नाही. दारात उभा राहतो, दोन्ही तळवे वर उचलतो, आणि घरचा माणूस उठून तसेच हात उचलतो. दोघे मिळून फातिहाची प्रार्थना म्हणतात. टॉवरमध्ये कोणी गेलं की मी उस्ताजच्या मागे उभा राहून ते अनेकदा केलं होतं. मी बूथचं दार उघडलं. आत दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा नसते, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबलो आणि हात उचलले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीचा आधार घेऊन उठले, कोटाची बटणं लावली आणि हात वर केले.